घरातील वाटा

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी अकलोली हे गाव आहे. वज्रेश्वरी आणि गणेशपुरी या शेजारच्या गावांप्रमाणे अकलोलीचीही ख्याती आहे ती तेथील गरम पाण्याच्या कुंडांमुळे. जमिनीत खोलवर मुरलेले पाणी तेथील उष्णतेने तापते आणि खडकांच्या भेगांतून वर येते. त्यासाठी ना लाकूड लागते, ना चूल, ना फुंकणी. दूरदूरचे यात्रेकरू येतात, कुंडात स्नान करतात आणि निसर्गाच्या या औदार्याचे कौतुक करीत परत जातात.

परंतु त्याच गावातील घरांत पाणी आपोआप तापत नाही. ते कोणाला तरी भरावे लागते आणि कोणाला तरी तापवावे लागते. केर आपोआप निघत नाही, तांदळातले खडे आपोआप वेगळे होत नाहीत आणि वाळलेले कपडे आपल्या पायांनी घरात येत नाहीत. घरात जे जे वेळेवर होते, ते कोणाच्या तरी हातांनी होते. ते हात कोणाचे आणि किती जणांचे, हा प्रश्न लहान वाटला तरी साधा नाही.

समजा, आषाढाचे दिवस आहेत आणि भाताची लावणी चालू आहे. वडील भिवंडीच्या गोदामात कामाला गेले आहेत. आई दिवसभर चिखलात वाकून रोपे लावते आणि अंधार पडता पडता घरी येते. घरात तेरा वर्षांची मुलगी आहे, दहा वर्षांचा मुलगा आहे आणि पाच वर्षांचे शेंडेफळ आहे. आई पदर खोचून चुलीपुढे बसते. थोरली दप्तर बाजूला सारून भांडी घासायला घेते. मुलगा उंबऱ्यावर बसून जेवायला किती वेळ आहे ते विचारतो. धाकटा ताटल्या मांडायला धावतो, तेव्हा ‘लुडबुड करू नकोस’ म्हणून त्याला दूर केले जाते. या घरात दुष्ट कोणीच नाही. तरीही तिघांपैकी एकीवर ओझे पडले, एकाला काहीच सांगितले गेले नाही आणि ज्याला करायची हौस होती त्याला परत पाठवले गेले. असे चित्र केवळ खेड्यातच दिसते असे नाही. मोठ्या शहरांतील सदनिकांतही ते दिसते.

याचे मूळ एका शब्दात आहे. मुले घरात काही करू लागली, म्हणजे ती ‘आईला मदत करतात’ असे म्हटले जाते. मदत ही दुसऱ्याच्या कामात करावयाची असते. शेजाऱ्याचे छप्पर शाकारताना हात लावणे, ही मदत होय. परंतु ज्या ताटात आपण जेवतो ते ताट धुणे, ज्या अंथरुणावर आपण निजतो ते घडी करून ठेवणे, ही मदत कशी? घर जर सर्वांचे, तर घरातले कामही सर्वांचे. त्यात प्रत्येकाचा वाटा असतो. मदत मनात आले तर करावी, नाही तर सोडावी. वाटा मात्र टाकता येत नाही.

मात्र वाटा सर्वांना सारखा असू नये. बैलाचे ओझे वासरावर कोणी लादीत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाने पाटपाणी मांडावे, चपला ओळीने लावाव्यात, तुळशीला पाणी घालावे, वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला केर काढता येतो, अंथरुणे घडी करता येतात, तांदूळ निवडता येतात. अकरा ते तेरा या वयात भांडी घासणे, कपडे वाळत घालणे, वाण्याकडून जिन्नस आणून पैशांचा चोख हिशेब देणे, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली वरणभात शिजवणे, ही कामे सहज जमतात. उकळते तेल, विजेची उपकरणे, खोल विहीर यांच्याशी संबंध येणारी कामे मोठ्यांनीच करावीत. वय वाढेल तसा वाटा वाढावा आणि धाकट्याला आपले जुने काम शिकवणे हेही थोरल्याचे एक काम असावे.

येथे मोठ्या माणसांकडून एक चूक वारंवार होते. मूल लहान असते तेव्हा त्याला कामाची विलक्षण हौस असते. परंतु त्याच्या हातून पाणी सांडते, वाटी फुटते, वेळ लागतो. म्हणून त्याला खेळायला पिटाळले जाते. तेच मूल बारा वर्षांचे झाले, की ते आळशी आहे अशी तक्रार सुरू होते. हौस होती तेव्हा काम दिले नाही आणि काम दिले तेव्हा हौस उरली नव्हती! मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीने हे ओळखले होते. १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत तिने बालगृह काढले, तेव्हा मुलांच्या हाताला बसतील असे छोटे झाडू, त्यांना उचलता येतील अशी हलकी टेबले व खुर्च्या तेथे आणल्या. ती चिमुकली मुले स्वतः झाडलोट करीत आणि एकमेकांना जेवण वाढीत. सांडलेले पाणी पुसता येते, हे सांडल्यावाचून शिकता येत नाही.

दुसरी चूक त्याहून जुनी आहे. मुलगी असेल तर तिने घरकाम करावे आणि मुलगा असेल तर त्याने करू नये, अशी समजूत अनेक घरांत अजून आहे. भूक मुलालाही लागते आणि केर मुलाच्या पायांनीही घरात येतो. मग झाडू केवळ मुलीच्याच हातात का? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले. त्यातील श्याम हा मुलगाच आहे. तरीही जेवायची पत्रावळ त्याला स्वतः लावायला शिकावी लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सातारा येथे वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींचे मुलगे एकत्र राहात आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामे आपल्या हातांनी करीत. त्यामुळे त्यांच्या विद्येला कोठेही उणेपणा आला नाही. जपानमधील शाळांत आजही मुलगे व मुली मिळून आपला वर्ग झाडतात, फरशी पुसतात आणि दुपारचे जेवण एकमेकांना वाढतात. ते काम कोणाचे, असा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘मुलांचे खरे काम अभ्यास. घरकामात वेळ गेला तर ती शिकणार केव्हा?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरकामाने शाळा हिरावून घेतल्याची उदाहरणे याच ठाणे जिल्ह्याने पाहिली आहेत. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभारले. बोर्डी व कोसबाड ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. तेथील अनेक मुलींना शाळेत येता येत नसे, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. अनेक मुलगे गुरांमागे रानात जात. या बाईंनी त्या मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळेला लागूनच पाळणाघर आणि बालवाडी चालवली. थोरली वर्गात, धाकटे शेजारच्या पाळणाघरात, अशी सोय झाली. जी मुले गुरे सोडून येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. तिला ‘कुरणशाळा’ हे नाव पडले.

या उदाहरणातून घरकामाची मर्यादा स्पष्ट दिसते. ज्या कामासाठी पुस्तक मिटावे लागते, ते मुलाचा वाटा नव्हे. तो मुलावर झालेला अन्याय होय. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार दिला आहे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली जी सुधारणा झाली, तिनेही मुलांना कुटुंबाच्या कामात हातभार लावण्याची मुभा दिली ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच, आणि धोक्याच्या कामात मुळीच नाही.

तथापि, नीट पाहिले तर वाटणी हाच या आक्षेपावरचा उपाय आहे. एका मुलीने दोन तास राबावे, तर तिचा अभ्यास बुडतो. तेच काम तिघा भावंडांत आणि आईवडिलांत वाटले गेले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तासही येत नाही. तेवढ्याने कोणाचा अभ्यास बुडत नाही आणि कोणाचा खेळही मोडत नाही. वडील थकून आले असले तरी वाटणीतून त्यांनाही वगळू नये, कारण आईही थकूनच आलेली असते. मुले जे ऐकतात त्यापेक्षा जे पाहतात ते अधिक लवकर उचलतात.

अकलोलीची कुंडे निसर्गाने तापवली. त्यांचे श्रेय कोणा माणसाला नाही. घराची ऊब मात्र माणसांनाच निर्माण करावी लागते. त्या लावणीच्या दिवशी धाकट्याने ताटे मांडावीत, मधल्याने पाणी भरून भांडी विसळावीत, थोरलीने भात लावून दिव्याखाली धडा वाचीत बसावे, वडिलांनी आल्यावर उरलेले आवरावे आणि दिवसभर वाकलेल्या आईने घटकाभर पाठ टेकावी, हे मुळीच अवघड नाही. त्यासाठी एकच गोष्ट हवी. सांगण्याची वाट न पाहता प्रत्येकाने आपला वाटा आपण होऊन उचलला पाहिजे.