कोयता कोणाचा आणि शिक्षा कोणाला?

पुण्याच्या वस्त्यांत 'कोयता गँग' माजली, पोरांना भर चौकात फोडून काढा, असा गिल्ला हल्ली शहरांतील शहाण्यासुरत्या लोकांनी चालविला आहे. बंधूंनो, कोयता हा आपल्या घरचा. आपल्या लोहाराने तो घडवावा आणि आपल्या ऊसतोड्याने फडात चालवावा. तो पोरांच्या हाती गल्लीबोळांत कसा गेला, याचा विचार आपणच केला पाहिजे. कारण गावची जमीन पुरेना, भाता थंड पडला, म्हणून शहर गाठणाऱ्यांचीच पोरे त्या वस्त्यांत वाढत आहेत.

गुन्ह्यास आम्ही पाठीशी घालीत नाही. कोयत्याचा वार ज्याच्यावर पडतो तोही बहुधा गरिबाचाच लेक असतो. पण न्यायाच्या तराजूला दोन मापे का? मे 2024 मध्ये पुण्यास कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेने दोन तरुण ठार झाले. आरोपी 17 वर्षांचा, बड्या घरचा. त्याच दिवशी त्यास जामीन मिळाला आणि 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली! लोकांनी बोभाटा केला तेव्हा कुठे तो हुकूम फिरला. आम्ही पडलो पंतोजी. निबंध लिहून घेणे हा आमचा रोजचा धंदा. वस्तीतल्या पोरास कोणी निबंध सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्याच्या मोहल्ल्यात निघते ती धिंड!

धिंड काढल्याने पोर सुधारत नाही, त्याच्या कपाळी शिक्का मात्र बसतो. ही रीत जुनीच. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मतःच माणसास चोर ठरविले. तो कायदा 1952 साली रद्द झाला. करवीरच्या शाहू छत्रपतींनी तर 1918 सालीच आपल्या संस्थानात हजेरीचा जाच बंद केला आणि फासेपारध्यांना कामे व घरे दिली. काम मिळाले, विश्वास मिळाला, की माणूस उभा राहतो, हे त्या राजाने ओळखले होते.

आणि या पोरांना 'भाई' कोण बनवितो? निवडणुकीत त्यांना मोटारसायकली व जेवणावळी पुरविणारे, फलकावर त्यांच्या छब्या झळकविणारे पुढारीच ना? पोर पकडले गेले की हेच पुढारी ओळख दाखवीत नाहीत!

म्हणून आपले आपणच उठले पाहिजे. 2015 च्या बालन्याय कायद्याचे 74 वे कलम सांगते की, अशा मुलाचे नाव वा छबी छापू नये. आणि खटला निकालात निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी त्याची जुनी नोंद उघड करू नये. 1987 च्या कायद्याने मुलांना व कोठडीतील इसमांना फुकट वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. दलालास पैसे चारू नयेत.

सुतार, लोहार, गवंडी, मोटार-दुरुस्तीवाले बंधूंनो, सुटून आलेल्या एका पोरास तरी हाताखाली घ्या आणि पहिल्या आठवड्यापासून मजुरी द्या. फुकट राबविलेले पोर पुन्हा भाईकडेच जाईल. आयांनो, शाळा सुटलेल्या पोराला पुन्हा शाळेत आणा. आम्ही मास्तर त्याला दारातून परत पाठवू, तर आम्हाला भर सभेत जाब विचारा.

कोयता पुन्हा फडात यावा असे वाटत असेल, तर आधी त्या हाताला काम द्या!