पांढऱ्या कोटातला बागुलबुवा

"गप्प बस, नाहीतर डॉक्टर दात उपटतील!" देवास-धारच्या मराठी घरांत हे वाक्य कधी मराठीत, कधी हिंदीत सर्रास ऐकू येतं. पोरगं ब्रश करत नाही, चॉकलेट सोडत नाही. इलाज एकच, दातांच्या डॉक्टरांचा बागुलबुवा. मग तेच पोरगं दवाखान्याच्या खुर्चीत तोंड घट्ट मिटून बसलं, की आपणच म्हणतो, "किती भित्रा आहे हा!" मला वाटतं, ही भीती बरेचदा आपणच घरात तयार केलेली असते.

दुसरं कारण उशीर. दुधाचे दात २० असतात आणि "ते पडणारच आहेत" म्हणून किडले तरी आपण सोडून देतो. पण दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत तोंडात राहतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे कायमची दाढ येते. काहीच पडलेलं नसतं, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. मग रात्री ठणका लागतो, लवंग होते, गोळी होते, गाल सुजतो आणि तेव्हा डॉक्टर आठवतात. पू झालेल्या जागी बधिर करण्याचं इंजेक्शनही नीट लागू पडत नाही. म्हणजे डॉक्टरांशी पहिली ओळखच दुखण्यातून! ही भीती पुष्कळांना मोठेपणीही सोडत नाही, आणि घाबरलेल्या आईबापांकडून ती मुलांकडे जाते.

धार जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या कित्येक गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. ते जास्त असलं तर दात हिरडीत घडत असतानाच बिघडतात आणि पुढे पिवळे-तपकिरी डाग दिसतात. घासून ते जात नाहीत. अशा मुलाला "दात घासत नाहीस का रे?" असं चारदा विचारलं की ते ओठ मिटून हसायला शिकतं. त्याला सुईच्या आधी तोंड उघडायचीच लाज वाटते. डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, तर ते पुन्हा कशाला येईल?

बालदंतचिकित्सेत एक जुनी पद्धत आहे: सांगा, दाखवा, मग करा. आरसा मुलाच्या हातात द्यायचा, हवेचा फवारा आधी बोटावर सोडायचा, मग दातावर. मुलाने हात वर केला की थांबायचं. गर्दीत एवढा वेळ कुठे, असं म्हणतात. पण रडणाऱ्या मुलाला चौघांनी धरून ठेवण्यातही वेळ जातोच. इतकं करूनही भीती हटत नसेल, आदल्या रात्री झोपच लागत नसेल, तर तो हट्ट समजू नये. इंदूरचं शासकीय दंत महाविद्यालय काही फार लांब नाही; तिथे मुलांच्या दातांचे तज्ज्ञ भेटतात.

आपण विद्यार्थी यात काय करणार? आपण कुणाचे तरी दादा, ताई, मामा, मावशी आहोतच. सुट्टीत घरी गेलात की भाच्याला दुखत नसताना एकदा दवाखान्यात न्या. खुर्चीत बसू दे, दात मोजून घेऊ दे, एवढंच करून परत या. आणि "काहीच दुखणार नाही" असं खोटं सांगू नका. "थोडं टोचेल, मग बधिर होईल, मी इथेच आहे," एवढं सांगा आणि खरंच तिथे थांबा.