तंजावरचे सोने, दिल्लीचे माप

रिझर्व्ह बँकेने सोनेतारण कर्जासंबंधीच्या निर्देशांचा मसुदा ९ एप्रिल २०२५ रोजी प्रसिद्ध केला, तेव्हा संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन संपून पाच दिवस झाले होते. अंतिम निर्देश ६ जूनला निघाले. पावसाळी अधिवेशनाला त्या वेळी दीड महिना अवकाश होता. घरातल्या दागिन्यावर किती रुपये उचलता येतील, हा देशातील असंख्य कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा निर्णय अशा रीतीने दोन अधिवेशनांच्या मधल्या फटीत होऊन गेला. त्यात कोणाचा डाव होता असे मानण्याचे कारण नाही. कायद्याने हा अधिकार रिझर्व्ह बँकेचाच आहे. तथापि ज्या विषयावर दिल्लीत फारशी कुजबुजही झाली नाही, त्यावर तमिळनाडूत सरकार, विरोधक आणि शेतकरी संघटना एका सुरात बोलू लागल्या, ही बाब राजधानीतील अधिकाऱ्यांनी विचारात घ्यावी अशी आहे.

तंजावर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे कोठार. मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडण्याचा तेथे प्रघात आहे आणि २०२५ मध्येही ते त्याच दिवशी उघडले. पाणी आले की कुरुवै हंगामाची पेरणी, आणि पेरणी म्हटली की बियाणे, खत, मजुरी यांसाठी रोकड. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्या कुळाला बँक पीककर्ज सहजासहजी देत नाही. मग घरातील दोन-चार पवन सोने सहकारी पतसंस्थेत किंवा बँकेत जाते आणि भात विकल्यावर परत येते. पवन म्हणजे आठ ग्रॅम. या सोन्याचे राजकीय वजन किती आहे, हे सांगण्यास एकच दाखला पुरे: २०२१च्या विधानसभा निवडणुकीत सहकारी संस्थांतील पाच पवनांपर्यंतची सोनेतारण कर्जे माफ करण्याचे आश्वासन द्रमुकने दिले होते आणि सत्तेवर आल्यावर ते अमलात आणावे लागले.

एप्रिलच्या मसुद्यात दागिन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर कर्ज नको, दागिन्याच्या मालकीची खातरजमा हवी, परतफेडीची ऐपत तपासावी, असा रोख होता. आजीच्या गळ्यातून आईकडे आणि आईकडून सुनेकडे आलेल्या सोन्याची पावती कोण जपून ठेवतो? मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी केंद्रीय अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले. मे महिन्याच्या अखेरीस अर्थमंत्रालयानेच छोट्या कर्जदारांना वगळावे, असे रिझर्व्ह बँकेला सुचवले. अंतिम निर्देशांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के अशी मर्यादा आली, आणि पावती नसेल तेथे कर्जदाराचे स्वतःचे निवेदन चालेल असे ठरले. दोन महिन्यांत सोने तेच राहिले, त्याची शुद्धता तीच राहिली; त्यावर मिळणारी रक्कम मात्र एका परिपत्रकाने बदलली.

नोटेला मोल सरकारच्या शब्दामुळे येते आणि सोन्याला स्वतःचे मोल असते, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो निराधार नाही. सोने गंजत नाही, हवे तितके छापता येत नाही, ओळखीच्या नसलेल्या गावातही सराफ ते घेतो. परंतु हे अर्धेच मोल झाले. ते सोने कोणाच्या काट्यावर, कोणत्या अटीवर घेतले जाईल, यात उरलेले अर्धे असते. आणि त्या काट्यामागे बहुधा सत्ता बसलेली असते. याचा पुरावा तंजावरात दगडावर कोरलेला आहे.

बृहदीश्वराच्या मंदिरात जाणारा मराठी प्रवासी सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख अभिमानाने पाहतो आणि परततो. त्याच वास्तूवरचे राजराज चोळाच्या काळातील तमिळ लेख मात्र नजरेआड होतात. ते अर्थखात्यातील कोणालाही ओळखीचे वाटतील. देवाला अर्पण केलेल्या सोन्याचे वजन कोणत्या प्रमाणदगडाने केले, हे त्यांत नमूद आहे. त्या दगडाला आडवल्लान हे देवाचेच नाव होते. मंदिराचा पैसा गावसभांकडे ठेव म्हणून दिला जाई आणि चंद्रसूर्य असेपर्यंत व्याज देण्याचे सभांनी कबूल केलेले असे. दर वर्षाला काशू या नाण्यामागे एक अष्टमांश काशू, म्हणजे साडेबारा टक्के. व्याज धान्यात द्यायचे असेल तर काशूमागे तीन कुरुणी भात. एका काशूला दोन कलम भात आणि एका कलमाच्या बारा कुरुणी हा हिशेब लावला, तर दोन्ही व्याजे तंतोतंत जुळतात. नाण्याचे मोल भातात बांधलेले होते. ते बांधणारे तीन: वजनाचा दगड राखणारे मंदिर, शब्द पाळणारी गावसभा आणि दोघांवर हुकूम चालवणारा राजा. यांतला एक जरी ढळला असता, तरी तीन कुरुणींचा हिशेब दगडावरच राहिला असता.

मराठ्यांच्या वाट्याला या व्यवहाराची दुसरी बाजू आली. १७९९च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. मोबदला म्हणून दरसाल एक लाख स्टार पगोडा, म्हणजे मद्रासच्या टांकसाळीतील होन, आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा त्यांना मिळायचा होता. नेमणूक सोन्याच्या नाण्यात होती. पण ते नाणे पाडणारीही कंपनी, आणि १८१८ मध्ये मद्रास इलाख्याचा हिशेब होनांतून चांदीच्या रुपयांत नेणारीही कंपनीच. शंभर होनांना साडेतीनशे रुपये हा दर तिनेच ठरवला. चांदीचे पुढे काय झाले, हे सर्वश्रुत आहे. १८७३ नंतर युरोपने चांदीकडे पाठ फिरवली आणि बावीस पेन्सांच्या आसपासचा रुपया १८९२-९३ पर्यंत पंधरा पेन्सांवर आला. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, तेव्हापासून रुपयातल्या चांदीपेक्षा रुपयाचीच किंमत अधिक झाली. धातूचे नाणे कागदाच्या नोटेसारखे वागू लागले ते तेव्हा.

नाण्यापेक्षा दागिना सुरक्षित, असे म्हणावे तर तंजावरचा शेवटचा अध्याय आडवा येतो. शेवटचे राजे शिवाजी ऑक्टोबर १८५५ मध्ये औरस पुत्राविना निवर्तले. कंपनीने राज्य खालसा केले. एवढ्यावर न थांबता फौजेच्या बळावर राजवाड्यातील खासगी मालमत्ता, जडजवाहीर यांवरही ताबा मिळवला. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. ही जप्ती म्हणजे राज्यसत्तेची कृती आहे. ती न्याय्य होती की अन्याय्य, हे ठरवण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही, असे त्या निवाड्याचे सूत्र होते. मालमत्ता राण्यांना १८६२ मध्ये परत मिळाली, ती हक्क म्हणून नव्हे, सरकारची कृपा म्हणून. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर भारतीय न्यायालयांतही हा निवाडा वारंवार उद्धृत झाला, हे विधी मंत्रालयातील जुन्या मंडळींना ठाऊक असेल.

राणीचा हा अनुभव अलीकडे राष्ट्रांनाही येऊ लागला आहे. व्हेनेझुएलाचे सुमारे ३१ टन सोने बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरात अडकले, कारण ते मागणाऱ्यांपैकी व्हेनेझुएलाचा खरा राष्ट्राध्यक्ष कोण, यावर ब्रिटिश न्यायालयांत वाद सुरू झाला. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात कामाक्षीबाईंच्या खटल्यातील तत्त्वाचा चुलतभाऊ शोभेल अशा तत्त्वाची चर्चा आहे. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाची परकीय गंगाजळी गोठवली. मध्यवर्ती बँकांनी त्यानंतर सोन्याची खरेदी वाढवली, आणि ते कोणाच्या छपराखाली ठेवायचे याचाही विचार सुरू केला. रिझर्व्ह बँकेकडील ८७९.५८ टन सोन्यापैकी सुमारे ५१२ टन मार्च २०२५ अखेर देशात होते. १९९१ मध्ये परकीय चलनासाठी सोने विमानाने लंडनला धाडावे लागले होते, त्या आठवणीने हळहळणाऱ्या पिढीला याचे समाधान वाटले तर नवल नाही.

मात्र सत्ता मनाला येईल तो भाव ठरवू शकते, असाही याचा अर्थ नाही. ऑक्टोबर १९९० पर्यंत रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात सोन्याचा भाव दहा ग्रॅमला ८४ रुपये ३९ पैसे होता. झवेरी बाजारात तो तीन हजारांच्या पुढे गेलेला होता. दिल्लीने कागदावर राखलेल्या या भावाने बाजाराचे केसही हलले नाहीत. मोरारजी देसाईंनी १९६३ मध्ये चौदा कॅरेटहून शुद्ध दागिने घडवण्यास बंदी केली. सोनार देशोधडीला लागले, चोरटी आयात फोफावली, आणि सुवर्ण नियंत्रण कायदा अखेर १९९० मध्ये रद्द करावा लागला. लोकांनी सोने टाकले नाही. त्यांनी सरकारी काटा टाळला.

आज तंजावरचा शेतकरी सरकारी काट्यावर येतो आहे, ही म्हणूनच जपण्याजोगी गोष्ट आहे. तो दुरावला, तर खासगी सावकाराकडे जाईल आणि तेथे ८५ टक्के सोडाच, व्याजाचा दरही कोणी लिहून देणार नाही. नव्या नियमांत चांगले बरेच आहे: वजन कर्जदारासमोर व्हावे, कर्ज फिटल्यावर दागिना वेळेत परत मिळावा, विलंब झाल्यास भरपाई मिळावी. पण एक जुनी अट कायम आहे. बँक दागिना तारण घेते, सोन्याची लगड घेत नाही. आता शेजारचे चित्र पाहा. तमिळनाडूतील २१ देवस्थानांनी वापरात नसलेले एक हजार किलोहून अधिक सोने मुंबईच्या सरकारी टांकसाळीत वितळवून लगडी केल्या आणि स्टेट बँकेत ठेवल्या. त्यांवर वर्षाला १७ कोटी ८१ लाख रुपये व्याज मिळते, असे राज्य सरकारने २०२५ मध्ये सांगितले. देवाची लगड बँकेत व्याज कमावते. भाविकाची लगड तारणालाही चालत नाही. सट्टेबाजीला आळा हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे, पण आकारानुसार मोल बदलते हे लपत नाही.

रिझर्व्ह बँकेची विनियमने संसदेच्या पटलावर ठेवावी लागतात. निर्देशांना हे बंधन नाही. दागिन्याच्या मोलाचे निर्देश पटलावर आले असते आणि अधीनस्थ विधान समितीने ते चाळले असते, तर पावतीचा प्रश्न पत्रापत्रीपर्यंत गेला नसता. कुळाकडे जमिनीचा कागद नसतो आणि सुनेकडे पाटल्यांची पावती नसते, हे कावेरीकाठच्या कोणत्याही खासदाराने पहिल्याच बैठकीत सांगितले असते.