सील किट मागवण्याआधी

बूम वर धरून ठेवला की हळूहळू खाली बसतो, अशी तक्रार आली की आपल्याकडे आधी लिफ्ट सिलिंडर खोलला जातो. पिस्टनचे सील गेले, हे निदान बहुधा गिऱ्हाईकानेच सोबत आणलेले असते. सील बदलतात, बूम पुन्हा बसतो आणि बोल लागतो तो किट विकणाऱ्याला. नालेसफाईच्या धांदलीत कल्याण-डोंबिवलीच्या अरुंद गल्ल्यांतून फिरणाऱ्या छोट्या ट्रॅक्टर लोडरचा एक दिवस बुडणेही मालकाला जड जाते, म्हणून हा विषय पावसाच्या तोंडावर.

लिफ्ट सिलिंडरवर वजन रॉड आत ढकलणारे असते. दोन्ही पोर्ट पक्के बंद असतील, तर पिस्टनचे सील पार फाटले तरी बूम खाली येणार नाही. रॉड आत शिरायला जागा हवी आणि आतले तेल तर कोंडलेले. तेल पिस्टन ओलांडून पलीकडे जाईल, दाब तेवढा वाढेल. किती? बोअर ६० मिमी, रॉड ३५ मिमी धरा. वजन आधी २८.३ चौ. सेंमी. क्षेत्रावर तोललेले होते, आता फक्त रॉडच्या ९.६ चौ. सेंमी.वर. ५० बारचे जवळजवळ १४७ बार होतात. हा तिप्पट दाब ग्लँडमधल्या रॉड सीलवर आणि स्पूलवर येतो. बाहेर गळणाऱ्या ग्लँडचे मूळ कधीकधी आत पिस्टनवर असते ते असे.

म्हणजे बूम बसत असेल, तर तेल कुठून तरी बाहेर पडते आहे. ग्लँड कोरडा असेल तर संशय कंट्रोल व्हॉल्व्हवर. तिथे स्पूल आणि भोक यांच्यात काही मायक्रॉनची फट असते, सील नसतेच. थोडे घसरणे नव्या मशीनलाही असते. झिजलेल्या व्हॉल्व्हमध्ये नुसता नवा स्पूल घालून फार काही साधत नाही, कारण तो त्या बॉडीला जुळवूनच बसवलेला असतो. बकेट सिलिंडरवर वजन रॉड बाहेर ओढत असेल, तर मात्र हे गणित चालत नाही. तिथे पिस्टनचे सील गेले की बकेट खरोखरच सरकते.

खात्री करायला अर्धा तास पुरतो. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून लीव्हर हलवून दाब उतरवा. दोन्ही लिफ्ट सिलिंडरच्या रॉडकडच्या पिना काढून सिलिंडर पूर्ण मिटवा. एकाचा तळाकडचा होज सोडून त्याला बूच मारा, मग रॉडच्या बाजूला हळूच दाब द्या. उघड्या पोर्टमधून चार थेंब आले तर सोडून द्या. धार लागली, तरच सील किट मागवा. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढ्या भोकातली धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते.

खोललेल्या सिलिंडरच्या रॉडवरून नख फिरवा. नख अडकले तर नवे सील घालणे म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे पाण्यात. क्रोमचा थर जेमतेम २०-२५ मायक्रॉनचा. खाडीकाठच्या खारट हवेत आणि नाल्याच्या चिखलात त्यावर खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्डा सीलची कड कापत राहतो. वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या लेथवर रॉड नवा करून घेणे महाग वाटते, पण दोनदा सील बदलण्याची मजुरी त्यासमोर मांडून दाखवा. मुरबाड-शहापूरकडे भातलावणीनंतर लोडर महिनोन्‌महिने उभा राहतो. तो बूम खाली, रॉड शक्य तितके आत आणि बाहेर राहिलेल्या भागावर ग्रीस फासून ठेवायला मालकाला आत्ताच सांगा. काम सुरू करण्याआधी ते ग्रीस पुसून काढायचे, हेही.