विल्किन्स यांचे प्रेम आणि फ्रँकलिन यांचे श्रेय

अ‍ॅना झीग्लर यांच्या ‘फोटोग्राफ ५१’ या नाटकावर वर्गात चर्चा सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो: “पण विल्किन्सचं तिच्यावर प्रेम होतं ना?” प्रश्न निरागस आहे, तो विद्यार्थ्यांच्या तोंडी नाटकानेच घातला आहे. २०१५ साली लंडनमध्ये निकोल किडमन यांनी रोझालिंड फ्रँकलिन यांची भूमिका केली आणि हे नाटक सर्वदूर पोहोचले. फ्रँकलिन यांना न्याय देणारे नाटक म्हणून त्याचे कौतुक होते. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. एका व्यावसायिक अन्यायाला अव्यक्त प्रेमाची झालर लावून हे नाटक तो अन्याय सौम्य करते.

आधी वस्तुस्थिती पाहू. फ्रँकलिन जानेवारी १९५१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात रुजू झाल्या. तत्पूर्वी, डिसेंबर १९५० मध्ये, विभागप्रमुख जॉन रँडल यांनी त्यांना पत्राने कळवले होते की डीएनएचे क्ष-किरण संशोधन तूर्त त्या आणि रेमंड गॉसलिंग हे दोघेच करतील. ज्यांनी हे काम आधीपासून चालवले होते त्या मॉरिस विल्किन्स यांना या पत्राचा पत्ताच नव्हता. त्यांच्या हाताखालचा विद्यार्थी गेला, डीएनएचा उत्तम नमुनाही गेला. फ्रँकलिन आपल्या साहाय्यक म्हणून आल्या आहेत अशी त्यांची समजूत, तर आपण स्वतंत्र संशोधक आहोत ही फ्रँकलिन यांची रास्त धारणा. म्हणजे भांडण होते अधिकाराचे, आणि ते लावून दिले एका प्रशासकाच्या संदिग्धपणाने. पुढे डीएनएच्या ‘ए’ आणि ‘बी’ या दोन रूपांची या दोघांत रीतसर वाटणी करावी लागली. भाऊबंदकीतली वाटणीच ती!

या भांडणाचे प्रेमकथेत रूपांतर केले की काय होते? प्रेमभंगात गुन्हेगार कोणी नसतो, असतात ते फक्त दुर्दैवी जीव. जानेवारी १९५३ मध्ये विल्किन्स यांनी ५१ क्रमांकाचे छायाचित्र फ्रँकलिन यांना न विचारता जेम्स वॉटसन यांना दाखवले. प्रेमकथेत ही कृती दुखावलेल्या मनाची चूक ठरते आणि रँडल यांचे पत्र मागे पडते. शिवाय फ्रँकलिन यांची मोजमापे असलेला अहवाल मॅक्स पेरुट्झ यांच्यामार्फत फ्रान्सिस क्रिक यांच्या हाती पडला. प्रारूप उभारताना त्यातील आकडे छायाचित्राइतकेच, किंबहुना अधिक, उपयोगी पडले असे अलीकडचे अभ्यासक मानतात. पण अहवालावर नाटक कोण लिहिणार? त्यात विरह नाही.

नाटक म्हणजे इतिहास नव्हे, त्याला मानवी भावना लागतात, असा आक्षेप येईल. मान्य. पण मग मायकेल फ्रेन यांचे ‘कोपनहेगन’ (१९९८) आठवावे. बोर आणि हायझेनबर्ग या दोन शास्त्रज्ञांच्या १९४१ मधील भेटीवर ते उभे आहे. तिथे भौतिकशास्त्र, स्मृती आणि नैतिक जबाबदारी एवढ्यावर नाट्य तोलले जाते. त्यात मानवी भावना कमी आहेत असे कोणी म्हणाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. दोन पुरुषांचे वैर रंगभूमीला वैचारिक वाटते. त्यातील एक स्त्री असली की त्या वैरामागे दडलेला अनुराग शोधणे भाग पडते. वॉटसन यांनी १९६८ च्या ‘द डबल हेलिक्स’ मध्ये फ्रँकलिन यांचा पेहराव आणि प्रसाधन यांवर शेरे मारले होते. तो तुच्छतेचा सूर होता आणि झीग्लर यांचा सहानुभूतीचा आहे, हे खरे. पण दोन्हीकडे शास्त्रज्ञाआधी बाई दिसते.

ही तक्रार केवळ फ्रँकलिन यांच्या वतीने नाही. विल्किन्स यांचीही एक खरी तक्रार होती; प्रेमकथेने तीही हिरावून घेतली.

एप्रिल १९५८ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी, फ्रँकलिन वारल्या. १९६२ चे नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले. तेव्हा पुढच्या वेळी वर्गात तोच प्रश्न आला तर उत्तर असे द्यावे: प्रेम होते की नाही ते बाजूला ठेवा, ते पत्र कोणी लिहिले आणि कोणाला दाखवले नाही, ते आधी सांगा.