‘पानी’ आणि पाणी

माझे कान पुणे आकाशवाणीवर वाढलेले आहेत. ते केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि मी जन्मलो तो त्याच्याच आगेमागे. मराठी कशी बोलावी हे मला आधी रेडिओनं शिकवलं, मग मास्तरांच्या छडीनं. त्यामुळे महापालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या भाचीचा परवा फोन आला, “मामा, मुलं स्वतःच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करणार आहेत, तुम्ही या,” तेव्हा मी जरा ऐटीतच गेलो. इस्त्रीचा सदरा घालून!

प्रकार असा. मुलानं गोष्टीची सहा चित्रं काढायची. टॅबवर त्यांचे फोटो घ्यायचे आणि एकेका चित्राखाली लाल बटण दाबून तेवढा भाग बोलायचा. यंत्र ते सगळं जोडून देतं. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला की प्रत्येक पोर दचकतं. “बाई, हा मी न्हाई!” त्यांचं चुकत नाही. बोलताना आपला आवाज हवेतून ऐकू येतो तसा डोक्याच्या हाडांतूनही येतो. टॅबमधून हाडांचा वाटा गळतो आणि आवाज परका वाटतो.

बांधकामासाठी मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबातला एक मुलगा होता. त्यानं सुरुवात केली, “आमच्या हिरीला पानी नव्हतं. आजी म्हनली...”

मी लगेच बटण थांबवलं. “बाळ, ‘पानी’ नव्हे, ‘पाणी’. ‘म्हणाली’. पुन्हा सांग बरं.”

दुसऱ्या वेळी तो ‘पाणी’ म्हणाला आणि त्या धास्तीनं पुढं ‘आजीणं घागर ठेवली’ असंही म्हणाला. वर्ग हसला. तिसऱ्या वेळी सहा चित्रांची गोष्ट त्यानं दोन वाक्यांत उरकली. सगळे ‘ण’ जागच्या जागी होते. मी त्याची पाठ थोपटली.

मुलं डबा खायला गेल्यावर भाची म्हणाली, “मामा, रागावू नका, पण हे ऐका.” मी येण्याआधी त्यानं एकदा सराव केला होता आणि तिनं तो पुसला नव्हता. टँकरच्या रांगेत आपला नंबर कळावा म्हणून आजीनं घागरीला लाल चिंधी बांधली. ती शेळीनं खाल्ली. मग आजी शेळीलाच रांगेत उभी करून म्हणाली, “हिच्या पोटात माझा नंबर हाय!” आजीचा आवाज, शेळीचं बें, बायकांची भांडणं, सगळं त्या पोराच्या एका गळ्यातून येत होतं. माझ्या तिसऱ्या, शुद्ध आवृत्तीत शेळीच नव्हती. आणि ती नाही, हे मला कळलंही नव्हतं!

लाज वाटली ती आणखी एका गोष्टीची. याच पुण्यात डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं. अभ्यासक गावोगाव गेले, माणसांकडून गोष्टी सांगवून घेतल्या आणि ध्वनिमुद्रित करून संकेतस्थळावर ठेवल्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या, त्याही पुण्यात राहूनच. ज्या ‘पान्या’साठी विद्वान एस.टी.नं खेडोपाडी हिंडले, ते आपल्या पायांनी वर्गात आलं आणि मी ते गाळून टाकलं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आठवले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून त्यांनी कविता आणि गोष्टी मुलांच्या कानांपर्यंत नेल्या. इथं मात्र वाहतूक उलटी आहे. मुलानं बोलायचं आणि आम्ही ऐकायचं. आमच्या पिढीला याची सवय नाही.

‘पाणी’ कसं लिहायचं हे भाची त्याला शिकवतेच. पण ते वहीत, आणि दुसऱ्या तासाला. कुठली गोष्ट ठेवायची, असं तिनं विचारलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “पयली.”

त्याच्या वडिलांनी ती फोनवरून गावी पाठवली. दोन दिवसांनी आजीचं उत्तर आलं, तेही आवाजातच. गोष्ट चांगली आहे, पण शेळी आपली नव्हती, शेजारणीची होती आणि काळी होती, म्हणे.

आता पोरगं चौथं चित्र पुन्हा काढतंय. त्याच्याकडे काळा खडू नाही. उद्या मी घेऊन जाणार आहे.