वस्ताद हवा, साहेब नको!

(एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला)

'कोचिंग' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो क्लासचा फलक, भरमसाट फी आणि गुणवंतांचे फोटो. परंतु या शब्दाचा एक अर्थ खेळाच्या मैदानातलाही आहे. खेळाडूला घडवणारा तो कोच. आमच्या कृष्णाकाठच्या भाषेत सांगायचे तर वस्ताद! शिक्षकांना एकमेकांपासून शिकते करायचे असेल तर त्यांच्यावर साहेब नेमून भागणार नाही, त्यांच्यात वस्ताद हवा, असे माझे नम्र मत आहे. ते मांडण्याचा अधिकार मला काय, असे कोणी विचारील. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई शेतमजुरी. शिक्षणशास्त्राची पुस्तके मी फारशी वाचलेली नाहीत. पण शिक्षक एकत्र येऊन शिकतात तेव्हा बाकावरच्या पोराचे काय होते, आणि ते शिकेनासे होतात तेव्हा काय होते, हे दोन्ही मी घरात पाहिले आहे.

२०१५-१६ साली मी गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत होतो. केंद्रातील दहाएक शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा 'शिक्षण परिषदे'साठी जमत. परिपत्रके वाचली जात, तक्ते गोळा होत, चहा-पोहे होत आणि मंडळी पांगत. त्या वर्षी केंद्रप्रमुख म्हणून एक बाई नव्याने आल्या. आमच्या शाळेत परिषद भरली त्या दिवशी त्यांनी पाहुण्या शिक्षकांना आमच्याच वर्गात मागे बसवले आणि सांगितले, "गुरुजींकडं कुणी बघायचं नाही. प्रत्येकानं एकेका पोराच्या पाटीकडं बघायचं."

गुरुजींनी फळ्यावर गणित घातले: ३०२ वजा १४७. मी झटकन उत्तर लिहिले, २४५. माझी वजाबाकी नेहमीच चुके आणि वहीवर 'निष्काळजी' हा शेरा ठरलेला असे. माझ्यामागे बसलेल्या अनोळखी गुरुजींनी मात्र शेरा मारला नाही. ते हळूच म्हणाले, "हे कसं केलंस, सांग बघू."

मी म्हणालो, "दोनातनं सात जात नाहीत, म्हणून सातातनं दोन काढले. शून्यातनं चार जात नाहीत, म्हणून चारातनं शून्य काढला."

म्हणजे मी निष्काळजी नव्हतो! मोठ्यातून लहान वजा करायचे, हा चुकीचा नियम मी अगदी काळजीपूर्वक पाळत होतो. आजवर मला कोणी विचारलेच नव्हते.

तास संपल्यावर मुलांना बाहेर सोडले. मी पाणी द्यायला आत होतो, म्हणून पुढचे ऐकले. 'गुरुजी, तुमचं इथं चुकलं' असे बाई एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "पाट्यांवर काय दिसलं?" एकेक जण सांगू लागला. सात पोरांचे उत्तर २४५ च होते. मग दुसऱ्या गावचे एक वयस्क गुरुजी म्हणाले, "माझ्याही वर्गात हेच होतं. वीस वर्षं मी पोरांना 'लक्ष दे' म्हणत आलो." वर्गात क्षणभर शांतता पसरली. मला ते नीटसे कळले नव्हते, पण गुरुजींनाही एखादी गोष्ट येत नसते आणि ती ते सांगू शकतात, याचे मोठे नवल वाटले.

पुढल्या आठवड्यात आमचे गुरुजी ज्वारीच्या धाटांच्या काड्या घेऊन वर्गात आले. शंभराचा एक गठ्ठा सोडून दहाचे दहा गठ्ठे केले. त्यातला एक गठ्ठा सोडून दहा सुट्या केल्या. आता दोन शेकडे, नऊ दशक आणि बारा सुट्या! त्यातून १४७ काढले आणि १५५ उरले. हातचा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजले.

ही हकीकत मी वडिलांना आता मोठेपणी सांगितली. ते तरुणपणी तालमीत जात. ते म्हणाले, "वस्ताद असंच करतो. दोघांना मातीत सोडतो, आपण हौद्याच्या कडंला उभा राहतो. पडलेल्याला विचारतो, पाय कुठं होता तुझा? आणि तालमीत कोण किती वेळा पडला, ते कुणी मोजत नाही. मोजायचं ते जत्रेच्या मैदानात."

माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म या बोलण्यात आहे. वस्तादाची कौशल्ये ती कोणती? निमूटपणे पाहणे, नेमका प्रश्न विचारणे, एका वेळी एकच दोष दाखवणे आणि पुन्हा डाव करायला लावणे. वस्ताद प्रसंगी छडीही उगारतो, नाही असे नाही. परंतु पडण्याची लाज तो कोणाला वाटू देत नाही. उलट ज्याच्या हाती आपला गोपनीय अहवाल आहे, त्याच्यापुढे 'मला हे शिकवता येत नाही' असे कोणता शिक्षक म्हणेल? तेव्हा तपासणी आणि मार्गदर्शन यांची सरमिसळ होता कामा नये. तपासणी जरूर व्हावी, पण तिचा दिवस वेगळा असावा.

ही कल्पना काही आकाशातून पडलेली नाही. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात आणि मग चर्चा करून पाठ सुधारतात. याला ते 'जुग्यो केंक्यू' म्हणतात. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास असे मांडले की, नुसते व्याख्यान आणि प्रात्यक्षिक देऊन शिक्षकांचे प्रशिक्षण वर्गापर्यंत क्वचितच पोहोचते. सहकाऱ्याची सोबत आणि पाठपुरावा असेल तर पोहोचते. आपल्याकडे कोठारी आयोगाने (१९६४-६६) शेजारच्या शाळांची संकुले करून शिक्षकांचा एकाकीपणा संपवावा असे सुचवले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा संकुल पुन्हा आले आहे आणि प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असेही म्हटले आहे. महाराष्ट्रात केंद्रप्रमुखाचे पद १९९४ च्या शासन निर्णयाने निर्माण झाले. म्हणजे हौदा आहे, माती आहे, पैलवानही आहेत. अडते कोठे?

अडते ते आपण पाहण्याजोगे पाहतो आणि उचलण्याजोगे उचलत नाही, तेथे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी केलेले काम पाहण्यासाठी २०१५ च्या सुमारास राज्यभरातून शिक्षक जात होते. त्या लाटेत आमच्याही शाळेची फरशी अंक-अक्षरांनी रंगली. फरशी रंगवणे सोपे असते. शेजारच्या शिक्षकाला आपल्या वर्गात बसू देणे कठीण असते.

कोणी म्हणेल, शिक्षकांना वेळ कोठे आहे? हा आक्षेप खोटा नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदाच शिक्षकांना जनगणना, निवडणूक व आपत्ती निवारणाची कामे लावू देतो. त्याखेरीज खिचडीचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती आहेच. द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक परिषदेला गेला की चार वर्ग एकाच्या गळ्यात! हे ओझे उतरवले पाहिजे, याविषयी दुमत नसावे. परंतु परिषदेचा दिवस तर आजही ठरलेला आहे. त्यातला दीड तास परिपत्रकांऐवजी पाट्यांना देण्यासाठी नवा पैसा लागत नाही.

आता घरातली दुसरी गोष्ट. दोन-तीन वर्षांत त्या बाईंची बदली झाली, आमचे गुरुजीही गेले आणि परिषद पुन्हा तक्त्यांवर आली. माझी धाकटी बहीण चौथीत गेली तेव्हा तिच्या वहीवर मी तशीच उत्तरे आणि तसाच शेरा पाहिला. मी घरी काड्या मोजून दाखवल्या, पण तोवर 'मी ढ आहे' हे तिच्या मनाने घेतले होते. ती धास्ती पुढे कधी गेली नाही. गेल्या वर्षी ती दहावीला गणितात राहिली. दोष मी कोणा एका शिक्षकाला देत नाही. एका भल्या बाईंच्या अंगी असलेला गुण केंद्राची रीत झाला नाही, हा दोष आहे. तालमीत वस्ताद बदलला तरी तालमीची शिस्त राहते. आमच्या केंद्रात बाई गेल्या आणि सगळेच गेले.

आपल्यापैकी अनेक जण पदवीनंतर बी.एड. करतील, शिक्षक होतील. मीही त्यांतलाच एक असेन. वस्ताद नेमला जाईल तेव्हा जाईल. तोवर दोन शिक्षकांनी एकमेकांच्या तासाला बसायला कोणाचा आदेश लागतो? आणि आमच्या प्राध्यापकांनाही, लहान तोंडी मोठा घास घेऊन, एक विनंती करावीशी वाटते. वर्षातून एकदा तरी आपल्या सहकाऱ्याला म्हणावे, "या, माझ्या तासाला मागच्या बाकावर बसा, आणि पोरांना काय कळलं नाही ते मला सांगा." आम्ही मागच्या बाकावरची मुले बाजूला सरकून त्यांना आनंदाने जागा देऊ.